फुलझाडांची छाटकलमे, विषारी धुरी आणि कापसाचा मुलूख : मुंबई बंदरातील वनस्पती संगरोधाचा इतिहास (१९०६–२०१५)

प्रस्तावना

बीड जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. मुंबई बंदर येथून साडेतीनशे-चारशे किलोमीटरवर आहे, आणि १९४८ पर्यंत तर मध्ये निजामाच्या संस्थानाची सरहद्दही होती. त्यामुळे बंदरावर उतरणाऱ्या रोपांना व छाटकलमांना कोणती धुरी दिली जात होती, हा प्रश्न बीडमधील इतिहासाच्या अभ्यासकाने हाताळावा याचे काहींना नवल वाटेल. मराठवाड्याच्या इतिहासलेखनात निजामी महसूलव्यवस्था, मुक्तिसंग्राम आणि दुष्काळ यांचा विचार पुष्कळ झाला आहे. किडींचा आणि किडींसाठी केलेल्या कायद्यांचा विचार मात्र कृषी महाविद्यालयांवर सोपवून आपण मोकळे झालो आहोत. वस्तुतः गेवराई-माजलगावच्या कापूस उत्पादकाच्या नशिबाशी या कायद्यांचा संबंध त्यांच्या जन्मापासूनच आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय मर्यादित आहे. परदेशातून येणाऱ्या शोभेच्या फुलझाडांची छाटकलमे कीडमुक्त करण्यासाठी त्यांना विषारी वायूची धुरी दिली जाते. या धुरीने कीड मरते. परंतु पुष्कळदा कलमही होरपळते. पाने करपतात, कोवळा शेंडा मरतो, मुळे फुटत नाहीत. हे नुकसान का होते, ते सोसावे कोणी, आणि ते टाळण्यासाठी धुरी सौम्य केली तर त्याची किंमत अखेर कोणाच्या शेतात मोजली जाते, या प्रश्नांचा येथे ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे.

धुरी : शब्द आणि अनुभव

मराठीत 'धुरी' हा शब्द मूलतः भयसूचक नाही. बाळ-बाळंतिणीला ओवा आणि बाळंतशेपांची धुरी देतात, तिन्हीसांजेला घरात उदाची धुरी फिरवतात, गोठ्यात डासांसाठी कडुलिंबाच्या पाल्याचा धूर करतात. झाडांना धुरी देण्याची कल्पनाही जुनी आहे. सुरपालाच्या 'वृक्षायुर्वेद' या संस्कृत ग्रंथात कीड लागलेल्या झाडांना धूप देण्याचे उपाय सांगितले आहेत. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयातील हस्तलिखितावरून डॉ. नलिनी साधले यांनी केलेला या ग्रंथाचा अनुवाद १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. या सर्व प्रकारांत धूर दिसतो, त्याचा वास येतो आणि तो उघड्यावर दिला जातो. आधुनिक धुरी या तिन्ही बाबतींत उलट आहे. ती बंदिस्त जागेत द्यावी लागते, ती दिसत नाही आणि तिला वासही जवळजवळ नसतो.

या दुसऱ्या प्रकारच्या धुरीचा एक अनुभव मात्र मराठवाड्याला आधीपासून होता, तो म्हणजे पेवाचा. जमिनीत खोल खणलेल्या आणि वरून मातीने बंद केलेल्या पेवात ज्वारी भरली की दाण्यांच्या व आतील किडींच्या श्वसनाने प्राणवायू कमी होत जातो, कर्बवायू साचतो आणि कीड गुदमरून मरते. कोणीही न दिलेली ही धुरीच होय. पेव उघडल्यावर आत उतरण्यापूर्वी दिवा सोडून पाहण्याची रीत होती. दिवा विझला तर माणसाने उतरायचे नाही. ती न पाळल्याने अनेकांचे प्राण गेले आहेत. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की पेरणीसाठीची ज्वारी सहसा पेवात ठेवत नसत. पेवातल्या ज्वारीची भाकरी होते, परंतु तिच्या उगवणीचा भरवसा नसतो. म्हणून बियाणे राख आणि कडुलिंबाचा पाला घालून वेगळे राखले जाई. खाण्याचा दाणा आणि पेरण्याचा दाणा यांत केलेला हा भेद पुढील सर्व विवेचनाच्या मुळाशी आहे. कीड मारणारी हवा जिवंत बीजालाही सोडत नाही, हे आपल्या शेतकऱ्याला प्रयोगशाळेशिवाय ठाऊक होते.

सायनाइडचा तंबू

आधुनिक धुरीचा आरंभ सामान्यतः १८८६ मध्ये मानला जातो. कॅलिफोर्नियातील लिंबूवर्गीय बागांवर ऑस्ट्रेलियातून आलेल्या एका खवलेकिडीने थैमान घातले असता डी. डब्ल्यू. कॉकिलेट या कीटकशास्त्रज्ञाने लॉस एंजेलिस परिसरात झाडावर तंबू टाकून आत हायड्रोसायनिक आम्लाचा वायू सोडण्याचे प्रयोग केले. कृती सोपी होती: भांड्यात पाणी व गंधकाम्ल घ्यावयाचे, त्यात सायनाइडचे खडे टाकावयाचे आणि तंबूबाहेर पळावयाचे.

या प्रयोगांबरोबरच झाडांच्या नुकसानीचा इतिहासही सुरू होतो. भर उन्हात धुरी दिली की पाने भाजल्यासारखी होत. म्हणून हे काम रात्री करण्याचा प्रघात पडला. हा वायू पाण्यात सहज विरघळतो. त्यामुळे दवाने किंवा पावसाने ओल्या झालेल्या पानांवर तो साचून डाग पाडतो. ज्या झाडांवर आधी बोर्डो मिश्रण फवारले आहे त्यांना तर हमखास इजा होते. सायनाइड पेशींचे श्वसन रोखते, आणि श्वसन जसे किडीला आहे तसे झाडालाही आहे. वनस्पतीच्या पेशीत सायनाइडने न अडणारा एक पर्यायी श्वसनमार्ग असतो, म्हणून ती कीटकापेक्षा अधिक काळ तग धरते. कीड मेली आहे आणि झाड अजून मेलेले नाही, असा जो अल्प अवधी असतो, त्यावर धुरीचे सगळे शास्त्र उभे आहे. सुप्तावस्थेतील निष्पर्ण गुलाबाच्या बाबतीत हा अवधी बराच मोठा असतो. पानांसह काढलेल्या, मुळे नसलेल्या शेवंतीच्या छाटकलमाच्या बाबतीत तो फारच थोडा असतो.

कापसासाठी केलेला कायदा

भारतात या वायूचा सरकारी उपयोग फुलांसाठी सुरू झाला नाही, तो कापसासाठी सुरू झाला. मेक्सिकोतील 'बोल वीव्हिल' हा बोंडे पोखरणारा सोंडेकिडा १८९२ च्या सुमारास टेक्सासमध्ये शिरला आणि अमेरिकेच्या कापूसपट्ट्यात त्याने हाहाकार उडवला. तो अमेरिकी रुईच्या गाठींतून भारतात येऊ नये म्हणून १९०६ मध्ये हिंदुस्थान सरकारने आयात गाठींना धुरी देणे सक्तीचे केले. त्यानंतर ३ फेब्रुवारी १९१४ रोजी 'डिस्ट्रक्टिव्ह इन्सेक्ट्स अँड पेस्ट्स ॲक्ट', म्हणजे विध्वंसक कीटक व पीडक जीव अधिनियम संमत झाला. १९२० च्या दशकात अमेरिकी कापसाला मुंबई हे एकच बंदर खुले ठेवून तेथे गाठींना हायड्रोसायनिक आम्लाची धुरी देण्याची व्यवस्था झाली.

या कायद्यातील 'पिके' या संज्ञेची व्याख्या व्यापक होती. शेतीची व बागायतीची पिके, झाडे, झुडपे आणि रोपे या सर्वांचा तीत समावेश होता. परिणामी गिरणीत पिंजली जाणारी रुई आणि एखाद्या बंगल्याच्या बागेसाठी मागवलेले गुलाब एकाच कायद्याखाली आले. समुद्रमार्गे येणारी रोपे ठरावीक बंदरांतच उतरवावीत आणि त्यांना हायड्रोसायनिक आम्लाची धुरी द्यावी, असे नियम झाले. साध्या पत्राच्या किंवा नमुन्याच्या टपालाने रोपे मागवण्यास मनाई झाली.

प्रस्तुत लेखकाच्या मते या व्यवस्थेतील अंतर्विरोध येथेच आहे. रुईची गाठ निर्जीव आहे. तिला कितीही धुरी दिली तरी धाग्याचे फारसे बिघडत नाही. छाटकलम जिवंत आहे. शिवाय कॅलिफोर्नियाच्या कोरड्या हवेत बेतलेली, पान कोरडे हवे अशी अट असलेली ही पद्धत मुंबईच्या जुलैमध्ये वापरावयाची होती. आठवडेच्या आठवडे बोटीच्या पेटीत घामेजून आलेल्या रोपाचे पान मुंबईच्या दमट हवेत कोरडे ठेवणे किती अवघड होते, हे त्या शहरात एक पावसाळा काढलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

नुकसान झाले तर? कायद्यात त्याचे उत्तर होते. या अधिनियमान्वये सद्भावनेने केलेल्या कृतीबद्दल कोणाही व्यक्तीविरुद्ध दावा अथवा फिर्याद चालणार नाही, अशी तरतूद त्यात आहे. म्हणजे कलमे करपली तर तो तोटा मागवणाऱ्याचा. वसाहतकालीन कायद्यांतील अशा कलमांवर आपण एरवी टीका करतो आणि ती योग्यही असते. परंतु येथे घाईने निवाडा देता येत नाही. बागेच्या हौसेखातर आलेल्या चार पेट्या एका पारड्यात आणि दख्खनचा कापूस दुसऱ्या पारड्यात, असा हा हिशेब होता. तो दख्खनच्या शेतकऱ्याच्या कळवळ्याने मांडला गेला असे मानण्याचे कारण नाही. त्यामागे गिरण्यांचे व निर्यात व्यापाराचे हितसंबंध होते. तरीही त्याचा लाभ शेतकऱ्याला झाला. मेक्सिकोचा तो सोंडेकिडा भारतात स्थिरावला नाही.

उलट दिशेचा प्रवास

या यशोगाथेला एक उपरोधिक बाजू आहे. मुंबईत अमेरिकी गाठींना धुरी देण्याचा हुकूम निघाला त्याच सुमारास, १९०६-०७ मध्ये, गुलाबी बोंडअळी भारतीय सरकीसह कापसातून इजिप्तमध्ये पोहोचली, असे सामान्यतः मानले जाते. ही अळी शास्त्राला ज्ञात झाली तीच मुळी भडोचच्या कापसावरील नमुन्यांवरून, १८४३ मध्ये. इजिप्तमधून ती बियाण्याबरोबर १९११ च्या सुमारास मेक्सिकोत आणि १९१७ मध्ये टेक्सासमध्ये गेली. आत येणाऱ्या दारावर पहारा होता, बाहेर जाणाऱ्या दारावर नव्हता. ज्या बोंडअळीने २०१७ च्या हंगामात बीडसह मराठवाड्यातील कापसाची वाताहत केली, ती परदेशी पाहुणी नाही. ती येथूनच जगभर गेली, हे आपल्या जिल्ह्यातील चर्चांत क्वचितच सांगितले जाते.

त्याचप्रमाणे परदेशातून आलेली प्रत्येक वनस्पती संकट घेऊन येते असेही नाही. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले बीडचे सीताफळ मूळचे अमेरिका खंडातले, आणि ज्याच्याशिवाय आपला दसरा होत नाही तो झेंडूही तिकडचाच. या दोघांना कोणी धुरी दिली नव्हती.

मिथिल ब्रोमाइडचे युग

१९३२ मध्ये फ्रान्समध्ये ल गूपील यांनी मिथिल ब्रोमाइडचा कीटकनाशक गुण नोंदवला आणि त्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत संगरोधासाठी त्याचा वापर सुरू झाला. हा वायू हवेपेक्षा तिपटीहून जड असून पेटीच्या, सालीच्या आणि पानाच्या आत खोल शिरतो. पानाच्या दोन पापुद्र्यांमधील अळीपर्यंत पोहोचणारा आणि तरीही पुष्कळ जिवंत झाडांना सोसणारा वायू म्हणून त्याचे जगभर स्वागत झाले. भारतात १९४६ मध्ये वनस्पती संरक्षण, संगरोध व साठवण संचालनालय स्थापन झाले आणि १९५१ मध्ये मुंबईत संगरोध व धुरीकरण केंद्र सुरू झाले. पुढे शिवडीच्या हाजीबंदर मार्गावरील प्रादेशिक केंद्राचे नाव बागायतदारांच्या परिचयाचे झाले.

नव्या वायूने नुकसानीचा प्रश्न मिटला नाही, फक्त त्याची तऱ्हा बदलली. सायनाइडला पान कोरडे लागे. मिथिल ब्रोमाइडसाठी रोप पाण्याने टवटवीत आणि हवा दमट असावी लागते. कोमेजलेल्या रोपाला इजा अधिक होते. त्यामुळे जुन्या पद्धतीत तयार झालेल्या माणसाचा अनुभवच नव्या पद्धतीत त्याला चकवू शकत होता. लाकडी खोक्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात (२००२) एकवीस अंश सेल्सियसला दर घनमीटरला ४८ ग्रॅम वायू आणि सोळा तासांचा अवधी सांगितला होता. पानांसह असलेल्या छाटकलमाला दोन-तीन तासांपलीकडे अशी धुरी देण्याचा विचारही करता येत नाही. त्यातही शेवंतीच्या एका वाणाला जी मात्रा सोसते, तीच दुसऱ्या वाणाचा शेंडा जाळते.

या इजेचे वैशिष्ट्य असे की ती लगेच दिसत नाही. धुरीनंतर पेटी उघडली तेव्हा कलमे हिरवीगार असतात. पानांच्या कडा तपकिरी होणे, शेंडा काळवंडणे, मुळे न फुटणे ही लक्षणे पुढील आठवडाभरात, रोपवाटिकेत गेल्यावर प्रकट होतात. तोपर्यंत कागदपत्रे पूर्ण झालेली असतात. मग दोष धुरीचा, प्रवासाचा, शीतगृहाचा की रोपवाटिकेतील पाण्याचा, हे ठरवणे दुरापास्त होते.

आणखी एक बाब माणसांशी संबंधित आहे. मिथिल ब्रोमाइडला सूचक वास नसल्याने त्यात अल्प प्रमाणात क्लोरोपिक्रिन मिसळण्याची रीत आहे. त्याने डोळे चुरचुरतात आणि गळती कळते. परंतु क्लोरोपिक्रिन झाडांना अत्यंत घातक आहे. म्हणून जिवंत रोपांना धुरी देताना ते नसलेला शुद्ध वायूच वापरावा लागतो. कलम वाचावे म्हणून कामगाराची धोक्याची घंटा काढून घेण्यात आली, असे याचे वर्णन केल्यास अतिशयोक्ती होणार नाही. तिच्या जागी आला तो गळती ओळखणारा दिवा, ज्याची ज्योत वायूच्या संपर्काने हिरवी-निळी होते. पेवात सोडलेल्या दिव्याची येथे आठवण व्हावी.

शेवंतीची कलमे आणि नागअळी

१९८८ पर्यंत हा प्रश्न मूठभर हौशी बागायतदारांचा व सरकारी उद्यानांचा होता. ऑक्टोबर १९८८ पासून अमलात आलेल्या नव्या बियाणे धोरणाने भाजीपाला व फुलांचे बियाणे, कंद, शोभेची रोपे आणि छाटकलमे यांची आयात पुष्कळ सैल केली. पाठोपाठ १९८९ मध्ये आयात नियमनाचा नवा आदेश आला. तळेगाव-पुण्याच्या परिसरातील निर्यातक्षम फुलशेतीचा उदय याच काळातला.

आणि १९९०-९१ च्या सुमारास 'लिरिओमायझा ट्रायफोलाय' ही अमेरिकी नागअळी भारतात आली. ती शेवंतीच्या छाटकलमांबरोबर आली असावी, असे कीटकशास्त्रज्ञांचे मत आहे. १९९१ मध्ये हैदराबाद येथे एरंडीवर तिची नोंद झाली. ही माशी पानाच्या आत अंडी घालते. अळी दोन पापुद्र्यांमधील हिरवा भाग खात पुढे सरकते आणि मागे पांढरी नागमोडी रेषा उरते. अंडी व अळी दोन्ही पानाच्या पोटात असल्याने वरून फवारलेले औषध त्यांना सहसा लागत नाही. उलट त्याने तिचे नैसर्गिक शत्रू मरतात. टोमॅटो, वेलवर्गीय भाज्या, चवळी-घेवडा, कापसाची कोवळी रोपे, झेंडू अशी तिच्या खाद्याची यादी लांबलचक आहे. मराठवाड्यात आज टोमॅटोच्या शेतात गेल्यास ती पांढरी रेषा दाखवायला कोणी तज्ज्ञ लागत नाही.

धोरण आधी आले आणि कीड नंतर, एवढ्यावरून धोरणाला दोषी ठरवणे इतिहासाच्या शिस्तीत बसणार नाही. मात्र इशारा उपलब्ध होता, हे निश्चित. हीच कीड १९७६ मध्ये फ्लोरिडातून शेवंतीच्या कलमांबरोबर केनियात आणि तेथून युरोपात गेली होती. एवढेच नव्हे तर उपायही प्रसिद्ध झाला होता. १९७० मध्ये वेब आणि स्मिथ या संशोधकांनी सुचवले होते की कलमे तोडल्यावर तीन-चार दिवस नेहमीच्या काचघरातील उबेत ठेवावीत, म्हणजे अंडी फुटतील. आणि मग एक ते दोन आठवडे शून्य अंशाला ठेवावीत, म्हणजे अळ्या मरतील. कलम तोडताच थंडीत टाकणे मात्र व्यर्थ ठरते, कारण नुकतीच घातलेली अंडी शून्य अंशाला तीन आठवड्यांपर्यंत तगतात. या पद्धतीत वायू नाही, करपणे नाही. लागतात ते दिवस, आणि फुलांच्या व्यापाराला सर्वांत महाग पडतात तेही दिवसच.

येथे तोट्याच्या वाटणीचा मुद्दा पुन्हा पुढे येतो. धुरी कडक दिली तर तोटा आयातदाराचा. तो दिसतो, मोजता येतो, त्याची तक्रार दिल्लीपर्यंत जाते. धुरी सौम्य राहिली किंवा तपासणी अपुरी पडली तर तोटा ज्याने शेवंतीचे विलायती कलम कधी पाहिलेही नाही अशा एरंडी व टोमॅटो उत्पादकाचा. तो हजारो बांधांवर विखुरलेला असतो, आणि 'यंदा रोग फार' एवढ्या शब्दांत संपतो. १९१४ च्या कायद्याने, कारणे काहीही असोत, विखुरलेल्या शेतकऱ्याच्या बाजूने झुकते माप दिले होते. १९८८ नंतर पारडे फिरले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. २००५-०६ पासून राष्ट्रीय फलोत्पादन अभियानातून हरितगृहांना अनुदान मिळू लागल्यावर तर कलम विकत घेणारा आणि बोंडअळी-नागअळी सोसणारा हे दोघेही शेतकरीच झाले आहेत. क्वचित एकाच घरातले दोन भाऊ.

ओझोन आणि नंतर

मिथिल ब्रोमाइड ओझोनचा थर विरळ करतो, हे लक्षात आल्यावर १९९२ च्या कोपनहेगन बैठकीत तो माँट्रियल कराराच्या कक्षेत आणला गेला. विकसित देशांनी २००५ पर्यंत आणि विकसनशील देशांनी २०१५ पर्यंत त्याचा सर्वसाधारण वापर थांबवावा असे ठरले. संगरोधासाठीचा वापर मात्र वगळण्यात आला आणि ती सवलत आजही आहे. २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराच्या आयोगाने तेथेही शक्य तितके पर्याय वापरण्याची शिफारस केली. शेतातून व गोदामातून हद्दपार झालेला हा वायू आता मुख्यतः बंदरे व विमानतळ यांच्या आश्रयाने टिकून आहे.

भारतात २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाने आयातीपूर्वी कीडधोक्याचे विश्लेषण, निर्यातदार देशाचे प्रमाणपत्र आणि पुष्कळ रोपांच्या बाबतीत आल्यानंतर काही काळ देखरेखीखाली वाढवून पाहणे, अशी अधिक विचारी चौकट दिली. देखरेखीखाली वाढवणे म्हणजे एका अर्थी वेब आणि स्मिथ यांनी सुचवलेला संयमच आहे. धुरीचा खर्च मात्र याही आदेशान्वये आयातदारावरच आहे. संपूर्ण व्यवस्थेची नव्याने मांडणी करणारे कृषी जैवसुरक्षा विधेयक मार्च २०१३ मध्ये लोकसभेत मांडले गेले. २०१४ मध्ये ती लोकसभा संपल्यावर ते बारगळले. शिवडीत छाटकलमांच्या पेटीवर धुरीचा आदेश लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला तो अधिकार आजही, अमेरिकी सोंडेकिड्याच्या धास्तीच्या काळात झालेल्या, १९१४ च्या त्याच कायद्यातून मिळतो.